मोडीत न निघालेली यंत्रे : जपानच्या ‘जंक’ बाजाराचा इतिहास

दिवाळीच्या आधी आपल्याकडे माळे उतरवले जातात. जपानमध्ये हीच लगबग डिसेंबरच्या अखेरीस असते. वर्ष संपण्यापूर्वी घर कानाकोपऱ्यासह साफ करायचे. या सफाईला तिथे ‘ओसोजी’ म्हणतात. दोन्हीकडे माळ्यावरून वा कपाटाच्या तळातून कधी ना कधी एक जुना संगणक नाहीतर व्हिडिओ गेमचे यंत्र खाली येते. इथपर्यंतची गोष्ट सारखी आहे. पुढे वाटा फुटतात. आपल्याकडचे यंत्र भंगारवाल्याच्या काट्यावर जाते, त्याचे किलोवर पैसे होतात आणि आठवड्याभरात त्याचे तांबे, प्लास्टिक आणि सर्किटची पाटी वेगवेगळ्या पोत्यांत पडलेली असते. जपानमधले यंत्र मात्र बहुधा अख्खेच्या अख्खे एखाद्या दुकानाच्या फळीवर पोचते आणि त्यावर चिठ्ठी लागते : ‘जंक’.

फ्रान्स, अमेरिका, ब्राझील किंवा मुंबईतल्या एखाद्या हौशी माणसाला चाळीस वर्षांपूर्वीचे यंत्र खोक्यासकट आणि माहितीपुस्तिकेसकट हवे असते, तेव्हा त्याचा शोध फार वेळा याच फळीपाशी येऊन थांबतो. जपान हे जगाचे जुन्या यंत्रांचे कोठार कसे झाले? नेहमीचे उत्तर असे की, जपानी माणूस वस्तू जपून वापरतो. हे उत्तर ऐकायला गोड आहे आणि अर्धे खरेही आहे. पण केवळ स्वभावाने बाजार उभे राहत नाहीत. या बाजारामागे काही कायदे, एक न्यायनिवाडा आणि कचरा टाकण्याचे एक शुल्क आहे. माझ्या मते खरा इतिहास तिथे आहे.

काय बनले होते

आधी माल कोणता, ते पाहू. १५ जुलै १९८३ रोजी निन्टेन्डो कंपनीने ‘फॅमिली कॉम्प्युटर’ हे घरगुती गेमयंत्र १४,८०० येनला बाजारात आणले. लोकांनी त्याचे नाव आखडून ‘फॅमिकॉम’ केले. पुढे परदेशात ते निराळ्या खोक्यात, निराळ्या नावाने गेले आणि सगळे मिळून सहा कोटींहून अधिक नग विकले गेले. त्याच्या आदल्या वर्षी, १९८२च्या ऑक्टोबरमध्ये, एनईसी कंपनीचा ‘पीसी-९८०१’ हा संगणक आला. १९८७ मध्ये शार्प कंपनीने ‘एक्स ६८०००’ आणला. दोन जोडमनोऱ्यांच्या घडणीचा हा संगणक ३,६९,००० येनला होता. त्या काळच्या नोकरदाराला हा आकडा छातीत धडकी भरवणारा होता.

यातल्या ‘पीसी-९८’ कुळाची गोष्ट मराठी वाचकाने थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. अमेरिकी आयबीएमचा संगणक जगभर प्रमाण ठरत असताना जपान वेगळ्या वाटेने का गेला? कारण लिपी. रोमन लिपीला शंभरएक चिन्हे पुरतात. जपानी कांजी अक्षरांचे १९७८चे पहिले राष्ट्रीय मानकच सहा हजारांहून अधिक चिन्हांचे होते. त्या काळच्या संगणकाच्या तुटपुंज्या स्मृतीत एवढी अक्षरचित्रे मावणे शक्य नव्हते. म्हणून जपानी अभियंत्यांनी अक्षरांची चित्रे कायमची कोरलेली चिप वेगळी बसवली आणि पडद्यावर अक्षर उमटवण्याचे काम यंत्राच्या अंगातच घातले. परिणाम असा की, जपानी मजकूर सफाईने दाखवणारा संगणक जपानी कंपनीचाच असे आणि परदेशी यंत्राला दारातच अडवले जाई. १९९० मध्ये आयबीएमच्या जपानी शाखेने ‘डॉस/व्ही’ आणले. त्याने हेच काम साध्या संगणकावर, निव्वळ आज्ञावलीच्या बळावर करून दाखवले. मग विंडोज आले आणि एका दशकात हे अख्खे कूळ अडगळीत गेले.

आपल्याकडे नेमका हाच प्रश्न नेमक्या याच पद्धतीने सोडवला गेला होता. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले आणि ‘जिस्ट कार्ड’ नावाची पाटी तयार झाली. ती संगणकात खोचली की पडद्यावर देवनागरी उमटे. पुढे आज्ञावल्या सुधारल्या आणि ही पाटीही निरुपयोगी झाली. कांजीच्या चिपचा संगणक आणि देवनागरीची पाटी ही एकाच गरजेची दोन अपत्ये. त्यांतले पहिले आज परदेशी माणसालाही मागवता येते. दुसरे, ज्यावर कित्येक मराठी माणसांनी पहिल्यांदा आपली अक्षरे पडद्यावर पाहिली, ते मला अनेक वर्षे शोधूनही जुन्या बाजारात मिळालेले नाही. हा फरक का पडला, हाच या लेखाचा प्रश्न आहे.

भाड्याने नाही, म्हणून पुन्हा विक्रीला

जपानमध्ये जुन्या वस्तूंचा व्यापार १९४९ पासून एका स्वतंत्र कायद्याखाली चालतो. त्यासाठी परवाना लागतो आणि वस्तू विकायला आलेला माणूस कोण, हे दुकानदाराने तपासायचे असते. हेतू चोरीचा माल पकडण्याचा. पण त्याचा आडपरिणाम असा झाला की, जुन्या मालाच्या दुकानावरचा संशयाचा डाग पुसला गेला. सभ्य घरातला माणूस दिवसाढवळ्या पिशवी घेऊन तिथे जाऊ लागला.

दुसरा दुवा १९८४ चा. त्या वर्षी जपानच्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन निर्मात्याला भाड्यावर नियंत्रण ठेवण्याचा हक्क मिळाला. गेमच्या कंपन्यांनी परवानगी दिलीच नाही, त्यामुळे गेम भाड्याने देण्याचा धंदा तिथे उभा राहू शकला नाही. अमेरिकेत उलटे घडले. तिथल्या १९९० च्या कायद्याने संगणकाच्या आज्ञावल्या भाड्याने देण्यास बंदी केली, पण घरगुती गेमयंत्रांच्या खेळांना त्यातून वगळले. तिथली मुले शनिवार-रविवारपुरता खेळ भाड्याने आणत. त्या कार्ट्रिजची खोकी फाटत, पुस्तिका हरवत. जपानी मुलाला खेळ विकतच घ्यावा लागे आणि खेळून झाला की तो विकून पुढच्याचे पैसे उभे करावे लागत. खोके आणि पुस्तिका जागेवर असतील तर दुकानदार जास्त भाव देई. म्हणजे दहा वर्षांच्या पोराला खोके जपायची शिस्त घरच्या संस्काराइतकीच या भावपत्रकाने लावली होती.

नव्वदच्या दशकात गेम बनवणाऱ्या कंपन्यांना हा फेरविक्रीचा धंदा खुपू लागला. एकच प्रत चार हातांतून फिरते आणि आम्हाला पैसा एकदाच मिळतो, ही त्यांची तक्रार. त्यांनी मांडलेला मुद्दा चतुर होता. जपानी कायद्यात चित्रपटाच्या प्रतींच्या वितरणावर निर्मात्याचा खास हक्क असतो; गेम हाही एक प्रकारचा चित्रपटच, तेव्हा तो पुन्हा विकायलाही आमची परवानगी हवी. १९९९ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने दुकानदारांच्या बाजूने आणि ओसाकाच्या न्यायालयाने कंपन्यांच्या बाजूने कौल दिला. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २५ एप्रिल २००२ रोजी न्यायालयाने निकाल दिला : गेम हा चित्रपटात मोडतो हे मान्य, वितरणाचा हक्कही मान्य, पण पहिली विक्री झाली की तो हक्क संपला. त्यापुढे प्रत ज्याची, मर्जी त्याची. हा निकाल उलटा लागता, तर आज जपानच्या फळ्यांवर दिसणारा निम्मा माल कायदेशीरपणे तिथे राहूच शकला नसता.

टाकायलाही पैसे

आता सर्वांत महत्त्वाचा दुवा. एप्रिल २००१ पासून जपानमध्ये टीव्ही, फ्रिज, वातानुकूलक आणि कपडे धुण्याचे यंत्र टाकायचे झाले, तर टाकणाऱ्याला पुनर्वापराचे शुल्क भरावे लागते. ऑक्टोबर २००३ पासून घरगुती संगणकही या पद्धतीत आले. त्या तारखेनंतर विकलेल्या संगणकांचे शुल्क किमतीतच धरलेले असे. त्याआधीच्या संगणकाच्या मालकाने मात्र टाकताना खिशात हात घालायचा, असा नियम झाला.

म्हणजे १९८०-९० च्या दशकांतला प्रत्येक घरगुती संगणक एका रात्रीत ‘टाकायला महाग’ झाला. दुकानाने तो फुकट ठेवून घेतला, तरी मालकाचा फायदाच. निगाता प्रांतात १९९३ मध्ये पहिले दुकान उघडलेल्या ‘हार्ड ऑफ’ या साखळीने हे ओळखले होते. चालणारी वस्तू एका बाजूला, न चालणारी किंवा न तपासलेली वस्तू निळ्या टोपल्यांत ‘जंक’ म्हणून दुसऱ्या बाजूला. भाव कधी शेपाचशे येन, कधी त्याहून कमी.

आपल्याकडे गणित बरोबर उलट आहे. भंगारवाला दारात येतो आणि वर पैसे देतो. ही सोय आहे, हजारो कुटुंबांचे पोट त्यावर चालते आणि धातू वाया जात नाही; या व्यवसायाला नाक मुरडण्याचे कारण नाही. पण त्याची किंमत अशी की, वस्तूचे मोल वजनावर ठरते. काट्याला सगळे संगणक सारखेच. दिल्लीच्या सीलमपुरात किंवा मुंबईच्या कुर्ल्यात यंत्र पोचले की, ते अख्खे राहण्यात कोणाचाच फायदा नसतो. फायदा ते फोडण्यात असतो. जपानमध्ये कचऱ्याला शुल्क असल्याने वस्तू अख्खी राहिली. आपल्याकडे कचऱ्याला भाव असल्याने ती फुटली. जपणुकीचा संबंध संस्कृतीशी आपण फार लवकर जोडतो. कित्येकदा तो दोनचार हजार येनच्या पावतीशी असतो.

परदेशी गिऱ्हाईक आणि आडत्या

या फळ्यांपर्यंत परदेशी माणूस पोचला तो लिलावामुळे. सप्टेंबर १९९९ मध्ये जपानमध्ये ‘याहू ऑक्शन्स’ सुरू झाले. जगभर पाय रोवलेली ‘ईबे’ कंपनी पुढच्या वर्षी तिथे आली आणि २००२ मध्ये गाशा गुंडाळून परत गेली. या एका पराभवाने पुढची घडी बसली. जपानी घरांतला जुना माल जपानी भाषेतल्या, जपानी पत्ता आणि जपानी बँकखाते मागणाऱ्या बाजारात साचत गेला. बाहेरच्या जगाला तो दिसत होता, पण हात पोचत नव्हता.

जिथे माल आणि गिऱ्हाईक यांच्यात भिंत असते, तिथे आडत्या जन्माला येतो. परदेशी गिऱ्हाइकाच्या वतीने बोली लावायची, वस्तू आपल्या गोदामात घ्यायची, चार विक्रेत्यांच्या वस्तू एका खोक्यात बांधायच्या आणि परदेशी धाडायच्या, अशा संस्था निघाल्या. आपल्या बाजार समितीतल्या आडत्यासारखीच त्यांची कमाई दलालीवर. आणि त्याच्यासारखीच त्यांची खरी पुंजी म्हणजे दोन्ही बाजूंचा विश्वास.

घरबसल्या बोली लावणाऱ्याला वस्तू हाताळता येत नाही, म्हणून या बाजारात वर्णनाची एक स्वतंत्र भाषा घडली आहे. ‘चालते का पाहिलेले नाही’ आणि ‘फक्त वीज जाते एवढे पाहिले’ ही दोन वेगळी विधाने आहेत. दुसऱ्यात दिवा लागला एवढेच वचन आहे, चित्र उमटल्याचे नाही. ‘तक्रार नाही, परती नाही’ हे कलम तर जवळजवळ प्रत्येक पाटीवर. ‘जंक’ या शब्दाचा अर्थही इंग्रजीतल्यासारखा ‘टाकाऊ’ इतका सरळ नाही. तो ‘मी हमी घेत नाही’ असा आहे. त्यामुळे जंकमध्ये पूर्ण मेलेले यंत्रही असते आणि केवळ जोडायला वायर नव्हती म्हणून न तपासलेले ठणठणीत यंत्रही. जुना गिऱ्हाईक छायाचित्रात स्क्रूंची डोकी पाहतो. ती झिजलेली असतील, तर आधी कोणीतरी उघडून हार मानली आहे, असे समजायचे.

२०२४ च्या उन्हाळ्यात एका डॉलरला १६० हून अधिक येन मिळू लागले, तेव्हा परदेशी बोलीचा जोर आणखी वाढला. टोकियोच्या अकिहाबारा पेठेत खोकी भरभरून नेणारे पर्यटक हे नेहमीचे दृश्य झाले. उलट ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी रद्द केली. जपानच्या टपालखात्याला अमेरिकेची बरीच पार्सले काही काळ थांबवावी लागली आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या खेळण्यांचा व्यापारही आजच्या राजकारणाच्या दोरीला बांधलेला आहे, हे दिसले.

यंत्राच्या पोटातल्या सीमा

पार्सल घरी आले म्हणजे सीमा ओलांडली, असे होत नाही. काही सीमा यंत्राच्या पोटातच असतात. जपानची घरगुती वीज १०० व्होल्टची, आपली २३० ची. जपानी अ‍ॅडॉप्टर आपल्या सॉकेटात थेट खोचला, तर तो जळतो. मध्ये व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर हवा. स्थानिक अ‍ॅडॉप्टर वापरावा म्हटले, तर फॅमिकॉमच्या पिनेत ऋण ध्रुव मध्यभागी असतो, आजच्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरांच्या उलट.

चित्राची गोष्ट याहून मजेशीर आहे. मूळ फॅमिकॉम आपले चित्र टीव्हीच्या एरियलवाटे, जपानच्या पहिल्या किंवा दुसऱ्या चॅनेलवर पाठवतो. जपानमध्ये ही चॅनेल ९० मेगाहर्ट्झच्या वर सुरू होत. आपल्याकडे त्या पट्ट्यात एफएम रेडिओ वाजतो. त्यामुळे भारतीय टीव्हीवर कितीही शोधले, तरी हे चित्र सापडत नाही. यंत्र उघडून आतल्या संदेशाला नवी वाट काढून द्यावी लागते.

याच यंत्राचे एक भारतीय नातेही आहे. परदेशी जाताना निन्टेन्डोने कार्ट्रिजच्या पिना ६० वरून ७२ केल्या आणि अधिकृत खेळच चालावेत म्हणून कुलपाची एक चिप घातली. जपानी मूळ यंत्रात ती चिप नव्हती, त्यामुळे त्याच्या नकला करणे सोपे होते. नव्वदच्या दशकात आपल्या घरोघरी जे ‘टीव्ही व्हिडिओ गेम’ आले, ‘समुराई’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी, ते याच ६० पिनांच्या नकलांच्या कुळातले. मराठी घरात राहून गेलेले ते पिवळे कार्ट्रिज खऱ्या जपानी फॅमिकॉममध्ये नीट बसते. ज्या यंत्राची आपण नक्कल खेळलो, ते मूळ पाहण्याची ओढ मला हौसेपेक्षा इतिहासाच्या जवळची वाटते.

आणि काळ ही सीमा तर सर्वांनाच. फॅमिकॉमच्या फ्लॉपीयंत्राचा रबरी पट्टा वितळून चिकट होतो. एक्स ६८००० च्या वीजपुरवठ्यातले कपॅसिटर गळतात आणि त्यांचा द्रव तांब्याच्या रेषा खातो. पीसी-९८ च्या पाटीवरची छोटी बॅटरी फुटून तेच करते. त्यामुळे जाणकार मंडळी आलेले यंत्र आधी उघडतात, वीज नंतर देतात.

सुरक्षिततेचा शिक्का

या बाजारावरचे सर्वांत मोठे संकट २००६ मध्ये आले. विजेच्या उपकरणांच्या सुरक्षिततेचा नवा कायदा जपानमध्ये एप्रिल २००१ पासून लागू होता. शिक्का नसलेल्या अनेक वस्तूंच्या विक्रीची मुदत ३१ मार्च २००६ रोजी संपणार होती. नव्या मालासाठी हे ठीक. पण हा नियम वापरलेल्या मालालाही लागू आहे, हे दुकानदारांच्या ध्यानात आले ते मुदत तोंडावर आल्यावर. २००१ पूर्वीची गेमयंत्रे, ध्वनिवर्धक, सिंथेसायझर हे सगळे एका तारखेनंतर विकणे बेकायदा! संगीतकार र्युइची साकामोतो यांच्यासह अनेकांनी सह्यांची मोहीम उघडली. अखेर मंत्रालयाने, विक्री म्हणजे तूर्त भाड्याने दिल्यासारखे मानू, अशी पळवाट काढली आणि २००७ मध्ये कायद्यातच दुरुस्ती होऊन जुन्या कायद्याचा शिक्का पुरेसा ठरला. सुरक्षितता हवीच, पण नव्या वस्तूची मोजपट्टी जुन्या वस्तूला लावली, तर इतिहास बेकायदा ठरतो, हा त्यातला धडा.

आपल्याकडे तो अजून घेतलेला नाही. वापरलेले वैयक्तिक संगणक भारतात आणायला परवाना लागतो आणि २०१२ च्या आदेशाने अनेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंना भारतीय मानक संस्थेची नोंदणी सक्तीची केली आहे. या नियमांमागचे कारण रास्त आहे. श्रीमंत देश आपला विषारी कचरा ‘वापरलेला माल’ म्हणून गरीब देशांच्या गळ्यात मारत आले आहेत. त्यावरच १९८९ चा बाझल करार झाला आणि १ जानेवारी २०२५ पासून सर्व प्रकारचा ई-कचरा पूर्वसंमतीच्या अटीखाली आला. पण कंटेनरभर फुटके मॉनिटर आणि अभ्यासासाठी मागवलेला एक पीसी-९८ यांच्यात फरक करणारी सुटसुटीत वाट असायला हवी. पुस्तकांच्या, नाण्यांच्या बाबतीत असा फरक आपण करतो. यंत्राच्या बाबतीत नाही, कारण यंत्र हे ऐतिहासिक साधन आहे, हेच आपल्या गळी उतरलेले नाही.

कोणाचे काय गेले

जपानमध्येही सगळे आलबेल नाही. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात सीडी, कार्ट्रिज अशा रूपातली इलेक्ट्रॉनिक प्रकाशने जमा करण्याचा नियम ऑक्टोबर २००० पासूनचा. त्याआधीची वीस वर्षे, म्हणजे या कलेचा उमेदीचा काळ, राहिला तो खासगी घरांत आणि जंकच्या टोपल्यांत. २०११ पासून टोकियोत ‘गेम प्रिझर्व्हेशन सोसायटी’ ही संस्था विरत चाललेल्या फ्लॉपींच्या नकला करून ठेवण्याचे काम करते आहे. परदेशी जाणारे प्रत्येक पार्सल अशा कामातला एकेक कच्चा दुवा हलवते. यंत्र जाते, सोबत वहीच्या कागदावर मालकाने लिहिलेले टिपणही जाते आणि ते वाचता न येणाऱ्या माणसाच्या घरी पोचते. तरीही मी विकत घेणाऱ्याला दोष देणार नाही. फळीवर सडणाऱ्या यंत्रापेक्षा परक्या घरी उघडून, पुसून, कपॅसिटर बदलून चालू केलेले यंत्र बरे. अट एवढीच की, आतले टिपण फेकू नये आणि आतल्या फ्लॉपीवर काय आहे ते पुसण्याआधी पाहावे.

आपला तोटा वेगळा आणि मोठा आहे. जपानचे यंत्र परदेशी गेले, तरी ते कुठेतरी आहे. १९५४ च्या कायद्याने आपल्या राष्ट्रीय ग्रंथालयांत पुस्तके जमा होतात. देवनागरीच्या पहिल्या आज्ञावल्या, त्यांच्या फ्लॉपी, त्यांच्या पाट्या त्या कायद्यात बसत नाहीत आणि भंगाराच्या काट्याला त्यांची लिपी कळत नाही. जपानी अक्षरे पडद्यावर कशी आली, हे उद्याच्या अभ्यासकाला सप्रमाण सांगता येईल; मूळ यंत्र समोर ठेवून सांगता येईल. मराठी अक्षरे कशी आली, हे सांगायला त्याच्या हाती बहुधा आठवणी आणि जाहिरातींची कात्रणेच उरतील. निदान जी छापखान्यांत, शाळांत, सरकारी कचेऱ्यांत अजून धूळ खात असतील, ती यंत्रे मोडीत काढण्याआधी कोणी जाणत्याने एकदा उघडून पाहावीत, त्यांचे क्रमांक आणि छायाचित्रे घ्यावीत, फ्लॉपीतला मजकूर उतरवून घ्यावा. परदेशातून मागवायची सोय इथे नाही. ही यंत्रे जगात दुसरीकडे कुठे बनलीच नव्हती.